पान वरून की खालून?

वादाला तोंड फोडलं विनयनं. गेल्या रविवारी मंदारच्या घरी आम्ही चौघं ‘रूट’ हा पटावरचा खेळ खेळायला बसलो होतो. डबा उघडला साडेपाचला आणि पहिली खेळी झाली सात वाजता. मधला दीड तास मंदार रूलबुक मोठ्यानं वाचत होता आणि आम्ही ऐकत होतो. तो राग विनयनं चार दिवस जपून ठेवला आणि गुरुवारी रात्री ठाण्यात तलावपाळीच्या कट्ट्यावर, कटिंगचा पहिला घोट घ्यायच्या आत, बाहेर काढला.

“लहानपणी आपण व्यापार खेळायचो. कुणी रूलबुक वाचलं होतं का? डबा उघडला, नोटा वाटल्या, फासा टाकला. आता खेळायच्या आधी अभ्यास करावा लागतो. दिवसभर कोर्टात कलमं वाचून येतो मी, घरी येऊन परत कलमंच ऐकायची?”

मला आमच्या घरच्या व्यापाराच्या डब्यात नियमांचा कागद होता की नाही, तेही आठवत नव्हतं. तसं म्हटल्यावर सुधाकरकाका म्हणाले, “असायचा. बऱ्याच डब्यांत झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलेला असायचा. तुम्ही मुलं झाकण उलटं करून त्यात नोटा ठेवायचात, म्हणून कधी दिसला नाही.”

काका आयुष्यभर छापखान्यात होते. आधी खिळे जुळवले, नंतर ऑफसेटवर गेले. छापलेल्या कुठल्याही गोष्टीकडे ते कागदाच्या मापावरून बघतात. “झाकणात मावेल तेवढंच लिहायचं,” ते म्हणाले. “त्यामुळे अक्षर बारीक आणि ओळी कोंबलेल्या. चित्र कुठलं घालणार? आणि छापणाऱ्यानं धरूनच चाललेलं असायचं की हा खेळ येणारं एक तरी माणूस घरात आहे. आत्या, मामा, शेजारचा मोठा मुलगा, कुणीतरी. अडलं तर बघायला तो कागद.”

“आणि असं माणूस घरात नसेल तर?” शुभदानं विचारलं.

तिच्या प्रश्नाला त्या वेळी कुणी उत्तर दिलं नाही, कारण मंदारला व्यापाराचा मुद्दा सोडवत नव्हता. “कागद न वाचल्यामुळे आपण तो खेळ कसा खेळलो ते सांगू?” तो म्हणाला. “आपला व्यापार ज्या मोनॉपोलीवरून आला, तिच्या नियमात साफ लिहिलंय की, जागेवर येऊनही एखाद्यानं ती विकत घेतली नाही, तर तिचा तिथल्या तिथे लिलाव करायचा. सगळ्यांनी बोली लावायची. आपण केला कधी लिलाव? आणि दंडाचे पैसे आपण पटाच्या मध्यभागी टाकायचो. कोपऱ्यातल्या फ्री पार्किंगच्या घरात जो येईल त्यानं ती रास उचलायची, असं अर्ध्या जगात खेळतात. छापील नियमात त्या घरात काहीच मिळत नाही. लिलाव नाही म्हणून जागा विकल्या जात नाहीत, आणि बाहेर गेलेला पैसा परत खेळात येतो म्हणून कुणाचं दिवाळं निघत नाही. तीन-तीन तास डाव संपायचा नाही आणि आपण म्हणायचो, खेळच लांबलचक आहे.”

“पण मजा यायची की नाही?” विनयनं पवित्रा घेतला. “याला आमच्याकडे रूढी म्हणतात. 1955च्या हिंदू विवाह कायद्यातसुद्धा रूढीला जागा ठेवली आहे, विधी दोन्हीपैकी कुठल्याही पक्षाच्या रूढीप्रमाणे करता येतात. घरोघरी वर्षानुवर्षं चालत आलेली गोष्ट एका छापील कागदानं खोटी ठरत नाही. युनो या पत्त्यांच्या खेळाचं काय झालं? 2019 मध्ये कंपनीनं स्वतः जाहीर सांगितलं की चार पानं उचलायच्या पत्त्यावर दोन उचलायचा पत्ता टाकून पुढच्याच्या गळ्यात सहा मारता येत नाहीत. मानलं का कुणी? माझी पुतणी अजून टाकते. मोनॉपोलीवाल्यांना तर 2014 मध्ये लोकांनाच विचारावं लागलं की तुमच्या घरचे नियम कोणते, मतं द्या, आम्ही ते छापतो.”

हा मुद्दा बिनतोड होता आणि मंदारही थोडा थांबला. पण रूढीच्या बाजूनं एवढं ऐकल्यावर मला मोनॉपोलीचीच आधीची गोष्ट सांगावीशी वाटली. ती मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला खूप लागली होती.

या खेळाचं मूळ लिझी मॅगी या अमेरिकन बाईंकडे जातं. 1904 मध्ये त्यांना ‘लँडलॉर्ड्स गेम’चं पेटंट मिळालं. जमीनदारीनं माणसं कशी नागवली जातात हे खेळातून दिसावं, हा त्यांचा हेतू. पुढची तीसएक वर्षं तो खेळ बहुतेक हातोहात फिरला. लोक कापडावर, मेणकापडावर पट काढायचे, आपल्या गावातल्या रस्त्यांची नावं घालायचे आणि एकमेकांना तोंडी शिकवायचे. अटलांटिक सिटीतल्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या मंडळींनी घातलेली नावं पुढे कायमची झाली. मग फिलाडेल्फियात चार्ल्स टॉड नावाच्या गृहस्थांनी आपल्या ओळखीच्या चार्ल्स डॅरोला हा खेळ घरी बोलावून शिकवला. डॅरोनं त्यांच्याकडे नियम लेखी मागितले. टॉडनी ते टंकलिखित करून दिले. टॉडच्या पटावर ‘मार्व्हेन गार्डन्स’ या जागेचं स्पेलिंग चुकून ‘मार्व्हिन’ झालं होतं. ती चूक डॅरोच्या पटावर तशीच उतरली आणि 1935 मध्ये पार्कर ब्रदर्सनं खेळ बाजारात आणला तेव्हा छापील पटावरही तीच राहिली. जगभर डॅरो हाच जनक म्हणून ओळखला गेला. मॅगीबाईंचं पेटंट कंपनीनं पाचशे डॉलरला घेतलं.

“म्हणजे ज्यानं नियम लिहून घेतले, त्याच्या नावावर खेळ चढला,” विनय हळूच म्हणाला. दस्तऐवजाचं मोल त्याला कुणी समजावून सांगायची गरज नाही.

“आणि जे तीस वर्षं तोंडी खेळत होते, त्यांच्याकडे दाखवायला कागद नव्हता,” मी म्हटलं.

इथपर्यंत वाद ‘कागद हवा की नको’ असा होता. मंदारनं तो ‘कागद कसा हवा’ इकडे नेला, आणि मला वाटतं खरी गंमत तिथून सुरू झाली.

अमेरिकेत 1950च्या दशकात युद्धखेळ आले. चार्ल्स रॉबर्ट्सनं 1954 मध्ये ‘टॅक्टिक्स’ काढला आणि काही वर्षांत त्याची अ‍ॅव्हलॉन हिल ही कंपनी उभी राहिली. नकाशावर सैन्य हलवायचं, त्यात डोंगर, नदी, रसद, सगळं. असला खेळ शिकवायला घरात आत्या कुठून असणार? कुणालाच तो आधी येत नव्हता. तेव्हा नियमांच्या कागदाला पहिल्यांदा एकट्यानं सगळं सांगायची वेळ आली, आणि सुरुवातीला त्याला ते जमलं नाही. शंका असली की कंपनीला पत्र लिहायचं, सोबत आपला पत्ता लिहून तिकीट लावलेलं पाकीट जोडायचं आणि उत्तराची वाट बघायची. अर्धा खेळलेला डाव टेबलावर मांडलेला आणि पुढची चाल टपालावर अवलंबून! मला हे फार आवडतं. एका शंकेसाठी कुणी इतके दिवस थांबतं, म्हणजे त्याला त्या खेळाची किती आस असेल.

मग 1969च्या सुमारास एसपीआय ही दुसरी कंपनी आली आणि त्यांनी नियमांना आकडे दिले. पाच म्हणजे हालचाल, पाच पूर्णांक एक म्हणजे हालचालीचा पहिला नियम, त्याच्या पोटात पाच पूर्णांक अकरा.

“अरे, ही तर कलमं आणि पोटकलमं!” विनय सावरून बसला.

“थांब, पुढे ऐक,” मंदार म्हणाला. “1985 मध्ये ‘अ‍ॅडव्हान्स्ड स्क्वाड लीडर’ आला. त्याचं रूलबुक कड्यांच्या फायलीत. दुरुस्ती झाली की कंपनी नवं पान पाठवणार, तुम्ही जुनं काढून नवं लावायचं.”

“आमच्या लायब्ररीत करविषयक कायद्यांचे खंड असेच होते,” विनय म्हणाला. त्याच्या आवाजातला राग एव्हाना पार गेला होता.

“आणि त्या खेळात एक तत्त्व आहे. नियम ज्याची परवानगी देतात त्यावर लक्ष द्या. म्हणजे ‘असं करू नये असं कुठे लिहिलंय’ हा युक्तिवाद चालणार नाही.”

विनयनं त्यावर पाच मिनिटं घेतली. नागरिकाला मनाई नसेल ते सगळं करता येतं, सरकारी अधिकाऱ्याला मात्र अधिकार दिला असेल तेवढंच करता येतं, म्हणजे खेळाडू हा त्या अधिकाऱ्यासारखा झाला, असं त्यानं इतकं छान समजावलं की काकांनी दुसरा कटिंग सांगितला.

पण माझ्या मते त्या काळातली सगळ्यात मोठी कल्पना वेगळीच होती. 1977च्या मूळ ‘स्क्वाड लीडर’मध्ये सगळे नियम एकदम वाचायला लावत नव्हते. थोडे वाचा, पहिली लढाई खेळा, मग पुढचे वाचा, दुसरी खेळा. अशा बारा लढाया. पुस्तकानं शिक्षकासारखं वागायचं ठरवलं ते तिथे. तरी तो खेळ वेड्या माणसांपुरताच राहिला आणि ती युक्ती घराघरात यायला चाळीस वर्षं लागली. 2020च्या ‘ग्लूमहेवन : जॉज ऑफ द लायन’मध्ये पहिले पाच डाव शिकण्याचेच आहेत. पुस्तकच उघडून मांडायचं आणि त्याच्या पानांवर खेळायचं.

मधल्या काळात जर्मनीनं एक काम केलं. तिथे 1979 पासून ‘श्पील डेस यारेस’ म्हणजे वर्षातला खेळ हे पारितोषिक देतात आणि त्याच्या निकषांत नियमांची मांडणी, त्यांचा सुबोधपणा हाही एक निकष आहे. एकदा पारितोषिकात गुण मिळायला लागले की छापणारे रूलबुककडे लक्ष देणारच. 1995 मध्ये हे पारितोषिक मिळालेल्या ‘कॅटन’मध्ये खेळायचे नियम वेगळे आणि शब्दावरून शोधायचा अकारविल्हे भाग वेगळा ठेवला. शिकणारा आणि शोधणारा हे दोन वेगळे वाचक आहेत, हे तिथे कुणाच्या तरी लक्षात आलं होतं.

शुभदा इतका वेळ ऐकत होती. ती शाळेत सहावीला शिकवते. ती म्हणाली, “मंदार, रविवारी तू डब्यातलं कुठलं पुस्तक वाचलंस?”

“जाडं.”

“त्याचं नाव ‘लॉ ऑफ रूट’. रूटचा कायदा. कोल वेअरलीच्या या खेळात मांजरं, पक्षी, जंगलातले बंडखोर आणि एकटा भटक्या, प्रत्येकाला वेगळे नियम, म्हणून सगळं पक्कं लिहिलेला तो ग्रंथ. तो वाद झाला की उघडायचा. शिकायचं पुस्तक वेगळं होतं, चित्रांचं, आणि पहिल्या काही खेळ्या हात धरून खेळवणारा एक कागदही होता. तू आम्हाला पोहायला शिकवण्यासाठी जलवाहतुकीचा कायदा वाचून दाखवलास.”

मंदार गप्प झाला. आणि विनयनं, ज्यानं हा सगळा वाद सुरू केला होता, तो कायदा पुढच्या वेळी वाचायला घरी मागितला.

काकांनी मग त्यांच्या आजोबांच्या बुद्धिबळाचं सांगितलं. देशी पद्धतीत प्यादं पहिल्या चालीला दोन घरं जात नाही. पलीकडे पोचलं की त्या घराचं मोहरं होतं, म्हणजे हत्तीच्या घरात पोचलं तर हत्ती. राजाला शह बसलेला नसेल तर एकदा घोड्याची चाल मिळते. आजोबांनी हे कुठे वाचलं नव्हतं, त्यांच्या वडिलांकडून आलं होतं. “शाळेत स्पर्धेला बसलो तेव्हा कळलं, आमच्या घरचं बुद्धिबळ बाहेर चालत नाही,” काका म्हणाले. “पहिल्याच डावात हरकत घेतली माझ्यावर.” त्यांच्या चेहऱ्यावर ते अजून होतं. 1814 मध्ये मुंबईत त्रिवेंगडाचार्य शास्त्रींचं बुद्धिबळावरचं पुस्तक इंग्रजीत निघालं, संस्कृतावरून केलेलं. त्यातले डाव युरोपी पद्धतीला जुळवून घेतलेत असं त्याच्या शीर्षकातच लिहिलं होतं. तेव्हाच दोन रीती आमनेसामने आल्या होत्या, आणि टिकली ती छापील. देशी रीत कुणी वाईट म्हणून टाकली नाही. ती सांगणारी माणसं गेली, तशी तीही गेली.

हे ऐकल्यावर विनयच्या रूढीबद्दलच्या प्रेमाला वेगळं वळण लागलं. “मग आपल्या लुडोचंही तेच होणार,” तो म्हणाला. आणि ते होतंच आहे. लुडो किंग हे अ‍ॅप 2016 मध्ये निघालं, आपल्या शेजारच्या नवी मुंबईतलं, आणि 2020च्या टाळेबंदीत घराघरात पोचलं. आमच्या लहानपणी एका घरी एकवर सोंगटी निघायची, शेजारी फक्त सहावर. एका चाळीत दोन कायदे, आणि ज्याच्या घरी पट त्याचा कायदा. अ‍ॅपमध्ये सोंगटी मारली की जादा दान मिळतं. हल्ली पुठ्ठ्याच्या पटावर बसलेली मुलंही तेच मागतात आणि आजीला सांगतात, असंच असतं. त्यांनी नियम वाचलेला नसतो, कुणी सांगितलेलाही नसतो. यंत्र दुसरं काही करूच देत नाही, म्हणून तो नियम.

“व्हिडिओ तरी बरे,” मंदार म्हणाला. “‘वॉच इट प्लेड’ या यूट्यूब चॅनेलवर रॉडनी स्मिथ 2011 पासून खेळ शिकवतो, तो काकांनी सांगितलेल्या त्या मामासारखाच आहे. समोर बसून, सोंगट्या हलवून, न कंटाळता.”

“इंग्रजी येणाऱ्यांचा मामा,” शुभदा म्हणाली. आणि तिनं पिशवीतून एक चार पानांचा, घड्या पडून मऊ झालेला कागद काढला. मघाचा तिचा प्रश्न ती विसरली नव्हती.

दर शनिवारी ती वर्गात पटावरचे खेळ नेते. यंदा ‘पँडेमिक’ नेला. चौघांनी मिळून रोगांच्या साथी थोपवायच्या, जिंकले तर सगळे, हरले तर सगळे. पटावर मुंबई आहे म्हणून मुलं आधीच खूश. हा खेळ 2008चा, मॅट लिकॉकचा. तेव्हा त्याचा पेशा संगणकाच्या पडद्यावर लोकांना काय कळतं, काय कळत नाही हे बघून मांडणी करण्याचा होता, आणि त्याच्या रूलबुकात ते दिसतं. पण ते पुस्तक तिच्या मुलांसाठी परक्या भाषेत. म्हणून तिनं मराठीत उतरवलं.

“भाषांतर करायला बसले तर वाक्यच उभं राहीना,” ती म्हणाली. “मग ठरवलं, आजीनं कसं सांगितलं असतं? पान ओढ, पान टाक, पानं पिस. हे शब्द आपल्याकडे पत्त्यांतून आधीच आहेत. सोंगटी आहे, घर आहे, पाळी आहे. मला नवीन काही बनवावंच लागलं नाही.” साथीचं पान निघालं की तीन कामं क्रमानं करायची असतात आणि इंग्रजीत तिन्ही शब्द एकाच अक्षरानं सुरू होतात, लक्षात राहावं म्हणून. तिनं लिहिलं : पुढे सरकवा, पसरवा, पिसा. आम्ही तिघं-चौघं एकदमच ‘वा’ म्हणालो.

कागद तिनं एका गटाला दिला आणि ती स्वतः खिडकीशी जाऊन उभी राहिली. काही सांगायचं नाही, असं मनाशी ठरवून. खेळ बनवणारे हेच करतात, अनोळखी लोकांपुढे डबा ठेवून गप्प बसतात, हे तिला मंदारनं आत्ता सांगेपर्यंत माहीत नव्हतं. गटात एक मुलगी होती, जिच्या घरी कुणी कधी काही खेळलेलं नाही. वाचण्याचं काम इतरांनी तिच्यावर ढकललं. ती बोट ठेवून एकेक ओळ वाचत गेली, आणि अर्ध्या तासानं बाकीचे तिघं प्रत्येक पाळीला तिच्याकडे बघायला लागले. पुढच्या शनिवारी दुसऱ्या गटाला तिनंच शिकवलं, कागद हातात न घेता.

शुभदाचा मघाचा प्रश्न होता तो हा. घरात सांगणारं कुणी नसेल तर? विनय बराच वेळ कागद हातात धरून होता. मी शेजारून वाचत होतो. मला त्या चार पानांचा जेवढा अभिमान वाटला तेवढा मंदारच्या कपाटातल्या कुठल्याही चकचकीत पुस्तकाचा कधी वाटला नव्हता.

दुसऱ्या पानावर ‘पसरवा’च्या खाली लिहिलं होतं : ‘गावांच्या गठ्ठ्यातलं एक पान ओढा आणि त्या गावात तीन ठोकळे ठेवा.’ त्याच्या शेजारी समासात पेन्सिलीनं, मुलीच्या गोल अक्षरात, तीनच शब्दांचा प्रश्न होता : ‘वरून की खालून?’

“एरवी वरून ओढायचं. पण साथीचं पान निघालं की खालून,” मंदार लगेच म्हणाला. “सगळा खेळ त्यावर आहे. आत्तापर्यंत न आलेलं गाव पेटतं, आणि मग आधी येऊन गेलेली पानं पिसून गठ्ठ्यावर ठेवायची, म्हणून तीच गावं परत परत येतात.”

“मला माहीत होतं, म्हणूनच लिहायचं राहिलं,” शुभदा म्हणाली. “तिला माहीत नव्हतं.”

विनयनं खिशातलं पेन काढून तिच्यापुढे धरलं. तिनं कागद मांडीवर घेतला, ‘गठ्ठ्यातलं’ यावर काट मारली आणि वर लिहिलं, ‘गठ्ठ्याच्या तळचं’. काकांनी अक्षर वाचता येतंय ना ते बघितलं आणि सांगितलं की उद्या सकाळी कागद त्यांच्याकडे द्यावा, ते मोठ्या टायपात जुळवून चाळीस प्रती काढून आणतील.